नसणे आणि न दिसणे

ई-मेलच्या खिडकीत डाव्या बाजूला नावांची एक उभी पट्टी असते. वर इनबॉक्स, त्याखाली पाठवलेली पत्रे, मसुदे, कचरापेटी, आणि त्याहून खाली ज्याचे खाते त्यानेच वर्षानुवर्षे घातलेली नावे : 'बँक', 'घरभाडे', 'संमेलन २०१४', 'आईचे रिपोर्ट', 'सवडीने वाचायचे'. उजव्या बाजूला रोज नवी पत्रे येतात आणि जुनी खाली सरकतात. डावी पट्टी मात्र महिनोन्महिने तशीच राहते, आणि बदलत नाही म्हणूनच तिच्याकडे कोणी निरखून पाहत नाही. फडताळातला मसाल्याचा डबा जसा न पाहता हाताला सापडतो, तशी ही नावे बोटांच्या सवयीची झालेली असतात, आणि त्या सवयीत माणसाच्या आयुष्याची एक ओबडधोबड विषयसूचीही नकळत तयार झालेली असते.

अशा पट्टीतून एखादे नाव नाहीसे होते तेव्हा काही वाजत नाही की फुटत नाही. कपाटातून ज्ञानकोशाचा एक खंड कोणी नेला तर त्या जागी फट राहते, शेजारचे खंड तिरके होतात, फळीवरच्या धुळीत पुठ्ठ्याएवढा स्वच्छ चौकोन उरतो, आणि जे गेले त्याची खूण ते मागे ठेवूनच जाते. यादीला मात्र असा स्वभाव नसतो. तिच्यातून एक ओळ गेली की खालची ओळ वर सरकते आणि यादी पूर्वीइतकीच नीटनेटकी दिसते, किंबहुना थोडी अधिकच सुटसुटीत. म्हणूनच मेल सर्व्हरवरचे फोल्डर हरवल्याची तक्रार बहुधा उशिरा येते, आणि येते तेव्हाही तिच्यात 'गेले' यापेक्षा 'इथे काहीतरी होते ना?' असा स्वतःच्या स्मरणावरचा संशयच अधिक असतो.

ही पट्टी नेमकी काय आहे, हे समजल्यावर त्या संशयाला जरा आकार येतो. सर्व्हरवरून पत्रे वाचण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. पहिली 'पॉप', म्हणजे टपाल कचेरीत जाऊन आपली पत्रे पिशवीत घालून घरी आणण्याची रीत; पत्रे घरी आली की कचेरीतला खण बहुधा रिकामा होतो आणि पुढची मांडामांड ज्याची त्याने घरी करायची असते. दुसरी 'आयमॅप', जिची पहिली रचना मार्क क्रिस्पिन यांनी १९८६ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात केली. हिच्यात पत्रे आणि त्यांचे कप्पे दोन्ही सर्व्हरवरच राहतात, आणि घरचा संगणक, कचेरीतला संगणक व खिशातला फोन हे तिघेही दुरून त्याच एका कपाटात डोकावतात. याचा अर्थ असा की पडद्यावर दिसणारी पट्टी हे ते कपाट नसते. पत्रे दाखवणारा प्रोग्राम सर्व्हरला विचारतो, 'कोणकोणते कप्पे आहेत?', सर्व्हर एकेक नाव सांगतो, आणि त्या उत्तराची नोंद म्हणजे ही पट्टी. प्रश्न चुकीचा विचारला गेला, उत्तर अर्धवट मिळाले किंवा ऐकणाऱ्याने त्यातले काही गाळले, तर कपाट भरलेले असूनही पट्टी रिकामी दिसू शकते.

भारतीय दर्शनांनी या अडचणीचा विचार कपाट आणि संगणक यांच्या फार आधी, मातीच्या घटाच्या निमित्ताने केलेला आहे. वैशेषिकांनी 'अभाव' हा सातवा पदार्थ मानला, म्हणजे नसणे हेही जगातले एक वास्तव मानले, आणि पुढे त्याचे चार प्रकार सांगितले गेले : घट घडण्यापूर्वी त्याचे नसणे तो प्रागभाव, फुटल्यानंतरचे नसणे तो प्रध्वंसाभाव, जे कधीच कुठे नव्हते आणि नसेल त्याचे नसणे तो अत्यंताभाव, आणि घट हा पट नव्हे या अर्थाचे नसणे तो अन्योन्याभाव. पण नसणे कळते कशाने, हा प्रश्न उरतोच. भाट्ट मीमांसकांनी त्यासाठी 'अनुपलब्धी' हे स्वतंत्र प्रमाण मानले आणि त्याला एक अट जोडली. जमिनीवर घट दिसत नाही एवढ्याने तो तिथे नाही असे ठरत नाही. उजेड असावा, डोळे धड असावेत, मध्ये आडपडदा नसावा, आणि घट असता तर तो दिसलाच असता अशी सगळी परिस्थिती असूनही तो दिसला नाही, तरच ते न दिसणे नसण्याचा पुरावा होते. या अटीसह येणाऱ्या न दिसण्याला 'योग्यानुपलब्धी' म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घट न दिसणे ही केवळ अंधाराची बातमी असते. हरवलेले फोल्डर शोधण्याचे काम, त्यातली तांत्रिक परिभाषा बाजूला ठेवली तर, सगळे या एका विशेषणाभोवती फिरते : दिसले नाही हे खरे, पण दिसण्याजोगी परिस्थिती होती का?

पहिला अंधार हा वाचकाने स्वतःच केलेला असतो. आयमॅपमध्ये फोल्डरांच्या दोन याद्या असतात, हे अनेकांना माहीत नसते. एक यादी प्रत्यक्ष अस्तित्वात असलेल्या फोल्डरांची, जी 'लिस्ट' या आज्ञेने मिळते. दुसरी वापरकर्त्याने 'हे मला दाखवत जा' असे सांगून ठेवलेल्या फोल्डरांची, जिला सबस्क्रिप्शन, म्हणजे वर्गणी, म्हणतात आणि जी 'एलसब' या आज्ञेने मिळते. ज्या काळात एकाच सर्व्हरवर शेकडो सार्वजनिक फोल्डर असत, त्या काळात ही निवड सोयीची होती. थंडरबर्डसारख्या प्रोग्राममध्ये फक्त सबस्क्राइब केलेलीच फोल्डर दाखवण्याचा पर्याय मुळातच चालू असतो, आणि त्यामुळे एखाद्याने फोनवरून फोल्डर तयार केले, पण फोनने त्याची वर्गणी नोंदवली नाही, तर ते कचेरीच्या संगणकावर दिसत नाही. डव्हकॉट या आज सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मेल सर्व्हरमध्ये, ज्याची पहिली आवृत्ती फिनलंडच्या टिमो सिरायनेन यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केली, ही दुसरी यादी म्हणजे एका ओळीवर एक नाव अशी साधी मजकुराची फाइल असते. सर्व्हर एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलवताना पत्रे नेली आणि ही चिमुकली फाइल विसरली, की पत्रे सगळी सुखरूप असतात, पण ती दाखवायची आहेत हे मात्र कोणाच्याच लक्षात उरत नाही.

दुसरा अंधार एका टिंबाएवढा आहे. डॅनियल बर्नस्टाइन यांनी १९९० च्या दशकात क्यूमेल या सर्व्हरसाठी पत्रे साठवण्याची 'मेलडिर' नावाची रचना केली, जिच्यात प्रत्येक पत्र ही एक स्वतंत्र फाइल असते आणि प्रत्येक पेटीत तीन कप्पे असतात : पत्र लिहून पुरे होईपर्यंतचा 'टेम्प', पोचलेल्या पण न पाहिलेल्या पत्रांचा 'न्यू', आणि पाहिलेल्यांचा 'कर'. पुढे या रचनेत उपफोल्डरांची सोय झाली तेव्हा मुख्य पेटीच्या आत, नावाच्या सुरुवातीला टिंब असलेली डिरेक्टरी म्हणजे उपफोल्डर, असा संकेत ठरला. युनिक्समध्ये टिंबाने सुरू होणारी नावे साध्या यादीत दाखवली जात नाहीत, आणि या लपण्यामागची हकिकत रॉब पाइक यांनी २०१२ मध्ये लिहून ठेवली आहे : प्रत्येक डिरेक्टरीत स्वतःसाठी एक टिंब आणि वरच्या डिरेक्टरीसाठी दोन टिंबे अशा दोन नोंदी आल्या, त्या यादीत नकोत म्हणून पूर्ण नाव न तपासता फक्त पहिले अक्षर टिंब आहे का एवढेच पाहण्याची पळवाट प्रोग्राम लिहिणाऱ्याने काढली, आणि त्या आळसातून टिंबवाली सगळीच नावे कायमची अदृश्य झाली.

ही पळवाट किती दूरवर पोचते ते सर्व्हर हलवताना कळते. पेटीतले 'सर्व काही' नव्या यंत्रावर न्यावे म्हणून आज्ञेत फुली, म्हणजे 'कोणतेही नाव' या अर्थाचे चिन्ह, लिहिले जाते. पण त्या 'कोणतेही'मध्ये टिंबाने सुरू होणारी नावे धरली जात नाहीत. परिणामी 'कर', 'न्यू' आणि 'टेम्प' हे तिघे नव्या घरी येतात, इनबॉक्स जसाच्या तसा उघडतो, काम फत्ते झाले असे वाटते, आणि पाठवलेली पत्रे, मसुदे, 'बँक', 'आईचे रिपोर्ट' ही सगळी मंडळी जुन्या घराच्या माजघरात बसून राहतात. बिऱ्हाड हलवताना गाडीत चढलेले सामान मोजले आणि घरात उरलेले मोजले नाही, तर असे होते. आज्ञा देणाऱ्याने 'सर्व' म्हटले होते आणि यंत्राने ते ऐकलेही होते. दोघांच्या 'सर्व'चा अर्थ तेवढा एक नव्हता.

नावाचा तिढा याहून वेगळा. कुरियर या जुन्या सर्व्हरवर प्रत्येक फोल्डर इनबॉक्सच्या पोटात आहे असे मानले जाई, म्हणून 'बँक' या फोल्डरचे पूर्ण नाव आधी इनबॉक्स, मग टिंब आणि मग बँक असे होते. डव्हकॉटला हा उपसर्ग लावायला मुद्दाम सांगावे लागते. सांगितले नाही, तर वापरकर्त्याचा प्रोग्राम जुन्या नावाने हाक मारत राहतो आणि फोल्डर नव्या नावाने तिथेच बसलेले असते. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलीला माहेरच्या नावाने शोधत गेलेल्या पाहुण्याला शेजारी 'अशी कोणी इथे राहत नाही' असे प्रामाणिकपणे सांगतात, त्यातला हा प्रकार. पाठवलेल्या पत्रांचीही गत अशीच होते. कोणता प्रोग्राम त्यांच्या फोल्डरला 'सेंट' म्हणतो, कोणता 'सेंट आयटम्स', कोणता 'सेंट मेसेजेस', आणि तीन यंत्रांवरून लिहिणाऱ्या माणसाचे एकच बोलणे तीन कप्प्यांत विभागले जाऊन प्रत्येक कप्पा अर्धामुर्धा दिसू लागतो. फोल्डरला नावापलीकडे त्याचे काम सांगणारी खूणही असावी, असे २०११ मध्ये आयमॅपच्या एका पुरवणीने ठरवले, पण त्याआधीची फोल्डर आपापल्या नावांनिशी अजून नांदत आहेत.

मराठीत फोल्डरांना नावे देणाऱ्याच्या बाबतीत तर नावावर एक वेगळाच वेष चढतो. आयमॅपची जुनी भाषा इंग्रजी अक्षरांपलीकडे जात नव्हती, म्हणून इतर लिप्यांतली नावे त्याच मूठभर अक्षरांत बसवण्यासाठी एक सांकेतिक लेखन वापरले गेले, ज्यात परकीय अक्षरांचा मजकूर 'अँड'च्या चिन्हाने सुरू होतो आणि आडव्या रेघेने संपतो. 'पत्रे' हे नाव सर्व्हरच्या डिस्कवर या लिपीत लिहिले गेले की त्यात पत्रांचा मागमूस राहत नाही; ती चौदा रोमन अक्षरांची एक निरर्थक माळ दिसते. या माळेत एक गंमत मात्र दडलेली आहे. युनिकोडमध्ये देवनागरीला जो क्रमांकांचा पट्टा मिळाला आहे त्यामुळे देवनागरी अक्षराने सुरू होणारे कोणतेही नाव या सांकेतिक लेखनात 'सी' या अक्षरानेच सुरू होते. बंगाली, गुरुमुखी, गुजराती, ओडिया आणि तमिळ यांचेही तसेच, आणि तेलुगू, कन्नड व मल्याळम यांचा आरंभ मात्र 'डी'ने होतो. भाषांची कुळे, राज्यांच्या सीमा, व्याकरणांचे वाद यांतल्या कशाशीही संबंध नसलेली ही विभागणी केवळ बेरीज-वजाबाकीतून आलेली आहे. सर्व्हर सांभाळणाऱ्याला हा संकेत ठाऊक नसेल, तर डिस्कवरची ती विचित्र नावे त्याला कुठल्या तरी बिघाडाचा कचरा वाटू शकतात, आणि कचरा वाटला की पुढचे पाऊल काय पडते ते सांगायला नको.

पुण्याच्या पेशवे दफ्तरातले कागद 'रुमाल' म्हटल्या जाणाऱ्या कापडी बासनांत बांधून ठेवलेले आहेत, आणि त्यांतले बहुसंख्य मोडी लिपीत आहेत. शाळांतून मोडी गेल्यानंतर वाढलेल्या मराठी वाचकासमोर असा रुमाल सोडला तर त्याच्या पणजोबांची भाषा त्याच्यासमोर उलगडलेली असते, आणि तरी त्याला वळणदार रेघांपलीकडे काही दिसत नाही. १९३० च्या दशकात गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली या दफ्तरातले निवडक कागद ४५ भागांत छापले गेले तेव्हा जे 'सापडले' म्हणून सांगितले गेले, ते हरवलेले कधीच नव्हते. ते रुमालात होते, रुमाल फळीवर होता, आणि फळी पुण्यात होती. उणीव होती ती वाचणाऱ्याची आणि सूचीची. दफ्तर या शब्दाने मराठीत कागदांचा साठा, तो ठेवण्याची जागा आणि मुलाच्या पाठीवरची पिशवी या तिन्ही गोष्टी सांभाळल्या आहेत. मेल सर्व्हरवरचे फोल्डर हे त्याच घराण्यातले, फक्त त्याच्या गाठी डोळ्यांना दिसत नाहीत.

शोधाची रीत म्हणूनच एकेक आडपडदा दूर करण्याची असते. जाणकार माणूस आधी पत्रे दाखवणारा प्रोग्राम बाजूला ठेवतो आणि सर्व्हरशी स्वतः बोलू लागतो. आयमॅपचा संवाद साध्या अक्षरांत चालतो : प्रत्येक आज्ञेच्या आधी 'ए१', 'ए२' अशी एखादी खूण लिहायची, सर्व्हर शेवटी तीच खूण उच्चारून 'ओके', 'नो' किंवा 'बॅड' असा निकाल देतो. 'लिस्ट'च्या उत्तरात फोल्डर आले आणि 'एलसब'च्या उत्तरात आले नाही, तर दोष वर्गणीचा. दोन्हींत आले, तर दोष वापरकर्त्याच्या खिडकीचा. कशातच आले नाही, तर सर्व्हरलाही मागे ठेवून थेट डिस्कवर जायचे आणि टिंबासकट सगळी नावे मागायची. तिथे डिरेक्टरी दिसली, तर तिची मालकी पाहायची, कारण प्रत हलवणाऱ्याने ती मुख्य प्रशासकाच्या खात्यातून हलवली असेल तर कुलपाची किल्लीही त्याच्याच नावावर राहते आणि मेल सर्व्हर दाराशी उभा राहून परततो. असा परतल्यावर तो वापरकर्त्याला फारसे काही सांगत नाही, पण लॉगमध्ये, म्हणजे आपल्या रोजनिशीत, वेळेसकट एक ओळ लिहून ठेवतो. घरातल्या अबोल माणसाने सगळे पाहिलेले असावे आणि कोणी विचारले नाही म्हणून गप्प बसावे, तशी ही रोजनिशी असते.

या कामात घाई घातक ठरते, कारण घाईच न दिसण्याचे रूपांतर नसण्यात करते. फोल्डर दिसत नाही म्हणून त्याच नावाचे नवे फोल्डर करून टाकणे हा सर्वांना सुचणारा उपाय. आयमॅपमध्ये प्रत्येक फोल्डरला एक ओळखक्रमांक असतो, आणि तो बदलला तर आपल्याकडे साठवलेली त्या फोल्डरची प्रत आता निरुपयोगी आहे असे वापरकर्त्याच्या प्रोग्रामने मानायचे असते. एखाद्याच्या लॅपटॉपमध्ये सगळ्या पत्रांची शेवटची प्रत पडून असते, सर्व्हरवर सद्‌भावनेने नवे रिकामे फोल्डर तयार होते, लॅपटॉप जोडला जातो, नवा क्रमांक पाहतो, आणि आज्ञाधारकपणे ती शेवटची प्रत फेकून देतो. दोन पेट्या सारख्या ठेवणारी साधनेही याच न्यायाने वागतात. एक बाजू रिकामी दिसली की दुसरी रिकामी करून ती समानता साधतात. म्हणून अनुभवी माणूस आधी तो लॅपटॉप जाळ्यापासून तोडायला सांगतो, मग डिस्कवर जे काही आहे त्याची जशीच्या तशी प्रत काढतो, आणि त्यानंतरच कशाला हात लावतो. मधल्या काळात वापरकर्ता विचारत राहतो, 'सापडले का?' त्याला द्यायला खरे उत्तर एकच असते, की अजून पाहण्याची तयारी चालू आहे.

सगळे आडपडदे दूर होऊनही कधीकधी जागा रिकामी निघते. टिंबासकट पाहिले, जुन्या यंत्राची डिस्क पाहिली, बॅकअप पाहिला, लॉगमध्ये एका दुपारी त्याच वापरकर्त्याच्या खात्यातून फोल्डर पुसल्याची ओळ सापडली. आता उजेड आहे, डोळे धड आहेत, आणि घट नाही. हा प्रध्वंसाभाव. आणि एखादे वेळी याहून विचित्र निष्कर्ष निघतो. ज्या फोल्डरची आठवण सांगितली जाते ते सर्व्हरवर कधी आलेच नव्हते. ते पॉपच्या काळात, दोन संगणक मागे, कोणा एका टेबलावरच्या यंत्राच्या डिस्कवर तयार झाले होते आणि त्या यंत्राबरोबर भंगारात गेले. सर्व्हरच्या दृष्टीने ते फोल्डर अजून यायचेच होते, म्हणजे त्याचा प्रागभाव होता, आणि जगाच्या दृष्टीने त्याचा प्रध्वंस होऊन गेला होता. एकाच वस्तूच्या नसण्याचे दोन प्रकार दोन ठिकाणी एकाच वेळी नांदत होते, आणि वापरकर्त्याच्या आठवणीत ती वस्तू या दोन्हींपासून अस्पर्श, जशीच्या तशी उभी होती.

अशा वेळी वर्गणीच्या त्या चिमुकल्या फाइलकडे पुन्हा पाहावेसे वाटते. आयमॅपच्या २००३ च्या प्रमाणपत्रकात तिच्याविषयी एक नियम आहे : फोल्डर अस्तित्वात उरले नाही, तरी सर्व्हरने त्याचे नाव वापरकर्त्याच्या वर्गणीच्या यादीतून आपण होऊन काढू नये. कारण व्यवहारी आहे. काही फोल्डर मजकूर शिळा झाला की पुसली जातात आणि नवा मजकूर आला की त्याच नावाने पुन्हा उभी राहतात. पण नियम कारणापेक्षा रुंद आहे. पत्रे गेली, डिरेक्टरी गेली, बॅकअपची मुदतही संपली, तरी त्या फाइलमध्ये नावाची एक ओळ राहते, विचारले की सर्व्हर ती वाचून दाखवतो, आणि ती पुसायची असेल तर ज्याने लिहिली त्यालाच तसे सांगावे लागते.